ग्रहनिरीक्षणासाठी परवडणारा झूम आयपीस: तो कसा तपासावा आणि केव्हा ठेवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे २०० मिमी व्यासाची आणि १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या आधारावर हाताने फिरवायची आरशाची, दुर्बीण आहे. नाशिकला घराच्या गच्चीवरून आपण चंद्र, गुरू आणि शनी पाहता. २५ आणि १० मिमीचे प्लॉसल व ६ मिमीचा ऑर्थोस्कोपिक (ही भिंगरचनांची नावे) असे तीन आयपीस, म्हणजे डोळ्याजवळ लावायची भिंगे, आपल्याजवळ आहेत, आणि आता ३ ते ८ मिमीचा एक परवडणारा झूम आयपीस, म्हणजे कडे फिरवून नाभीय अंतर बदलता येणारा, आपण मागवला आहे. तो परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असल्यामुळे तेवढ्या वेळात त्याची परीक्षा कशी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

झूम आयपीस नुसता लावून, ग्रहाकडे पाहून, ‘छान दिसते’ किंवा ‘पुसट दिसते’ असा निर्णय देता येत नाही. डोळ्यापर्यंत पोहोचणारी प्रतिमा हवा, आरसा, आयपीस आणि डोळा या चौघांची मिळून बनलेली असते, आणि त्यांत आयपीसचा वाटा बहुतेक रात्री सर्वांत लहान असतो. म्हणून झूमची परीक्षा त्याची एकट्याची न घेता आपल्या ६ मिमीच्या ऑर्थोस्कोपिकबरोबर, त्याच रात्री, त्याच मिनिटांत आणि त्याच वर्धनावर (प्रतिमा किती पट मोठी दिसते त्यावर) घ्यावी. दुसरी गोष्ट अशी की झूमचा खरा उपयोग एखाद्या स्थानावर तो किती रेखीव दिसतो एवढ्यापुरता नसतो. हवा क्षणाक्षणाला बदलत असताना तिला साजेसे वर्धन हात न थांबवता मिळते, हा त्याचा मोठा गुण आहे. या दोन्ही अंगांनी तपासणी झाली तरच निर्णय न्याय्य होईल.

आधी आकडे पाहू. आपल्या दुर्बिणीत ८ मिमीला १५० पट, ६ मिमीला २०० पट, ५ मिमीला २४० पट, ४ मिमीला ३०० पट आणि ३ मिमीला ४०० पट वर्धन मिळते. बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी, म्हणजे एक्झिट प्यूपिल, ८ मिमीला सुमारे १.३ मिमी आणि ३ मिमीला ०.५ मिमी असते. ग्रहांसाठी हाच पट्टा कामाचा असल्यामुळे आपल्या दुर्बिणीला ही निवड योग्य आहे. हाच आयपीस १३० मिमी व्यासाच्या, ६५० मिमी नाभीय अंतराच्या छोट्या परावर्ती दुर्बिणीत ८१ ते २१७ पट देतो, आणि तिथे तर त्याचा संपूर्ण पट्टा वापरात येतो. मात्र २००० मिमी नाभीय अंतराच्या श्मिट-कॅसेग्रेन प्रकारच्या दुर्बिणीत त्याची सुरुवातच २५० पटींपासून होते आणि दुसरे टोक ६६७ पटींवर जाते. तशा दुर्बिणीच्या मालकाने ८ ते २४ मिमीचा झूम घ्यावा, असे मी ठामपणे सांगतो.

या दोन प्रकारच्या झूममध्ये रचनेचा फरकही आहे. ८ ते २४ मिमीच्या बहुतेक झूममध्ये लांब नाभीय अंतराकडे जाताना दृश्यक्षेत्र, म्हणजे आयपीसमधून दिसणाऱ्या वर्तुळाची अंशांतली रुंदी, अरुंद होत जाते; २४ मिमीला ते चाळिशीच्या घरात उतरते आणि ८ मिमीला साठ अंशांच्या आसपास पोहोचते. ३ ते ६ किंवा ३ ते ८ मिमीच्या ग्रहांसाठीच्या झूममध्ये ते सर्व स्थानांवर जवळजवळ सारखे राहते. टेली व्ह्यू कंपनीचा ३ ते ६ मिमीचा नागलर झूम हा या वर्गातला जुना मापदंड आहे; त्याचे क्षेत्र ५० अंशांवर स्थिर असते आणि प्रत्येक मिलिमीटरला खटका लागतो. अलीकडे एसव्हीबोनी कंपनीच्या ३ ते ८ मिमी झूमसारखे ५६ अंशांचे पर्याय त्याच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागले, म्हणूनच आपल्यासारख्या अनेकांना हा प्रश्न पडू लागला आहे. झूमविषयीची जुनी शंका मात्र निराधार नाही. अ‍ॅबेच्या १८८०च्या ऑर्थोस्कोपिक रचनेत चार भिंगे दोन गटांत असतात, त्यामुळे हवा आणि काच यांच्या सीमा चारच होतात. झूममध्ये सरकणारे गट आले की त्या सीमा वाढतात. बिनलेपाच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने तो अर्ध्या टक्क्याच्या जवळपास येतो. ग्रह तेजस्वी असल्यामुळे एवढ्या प्रकाशाची घट जाणवत नाही. चिंता असते ती परत फिरलेला प्रकाश नळीत भरकटून ग्रहाच्या अंगावर पुन्हा पसरण्याची, कारण गुरूच्या पट्ट्यांमधला फिका फरक त्याने पुसला जातो.

आयपीस हाती आल्यावर पहिली तपासणी दिवसा करावी. तो आकाशाच्या उजळ भागाकडे धरून, सूर्यापासून पूर्ण दूर राहून, खालच्या टोकातून आत पाहावे. भिंगांच्या कडा आणि आतल्या नळीच्या भिंती काळ्या आणि निस्तेज असायला हव्यात. एखादे कडे चकाकत असेल तर तिथूनच रात्री प्रकाशाची झालर येणार आहे. वर्धनाचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना बोटाला सारखाच विरोध जाणवला पाहिजे. मध्येच सैल, मध्येच घट्ट अशी चाल असेल तर आतली सरकपट्टी नीट बसलेली नाही. वरचा भाग हाताने हलकेच हलवून डगमग पाहावी. नंतर सकाळच्या गारव्यात, जमीन तापण्याआधी, दूरच्या विजेच्या खांबावरील चिनीमातीच्या इन्सुलेटरवर चमकणारा उन्हाचा ठिपका दुर्बिणीत घ्यावा. तो कृत्रिम ताऱ्यासारखा वागतो, आणि कडे फिरवत असताना तो क्षेत्रात किती सरकतो हे दिवसाउजेडी निवांतपणे दिसते. थोडे सरकणे चालते. ८ पासून ३ पर्यंत जाताना ठिपका क्षेत्राच्या अर्ध्याहून अधिक हलला, तर आतल्या गटांचा अक्ष एका रेषेत नाही, आणि तो आयपीस बिनदिक्कत परत पाठवावा.

रात्रीच्या परीक्षेआधी दुर्बीण निर्दोष करणे अनिवार्य आहे. कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एका अक्षावरची जुळणी, त्याच संध्याकाळी तपासावे आणि दुर्बीण निदान तासभर आधी उघड्यावर ठेवावी. आपल्या गच्चीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि २०० पटींच्या वर ती प्रतिमेत उकळत्या पाण्यासारखी दिसते. सूर्यास्तानंतर स्लॅबवर पाणी शिंपडून तो निववावा किंवा परीक्षा मध्यरात्रीनंतर घ्यावी. अंगणात माती किंवा हिरवळ उपलब्ध असेल तर गच्चीचा मोह सोडलेलाच बरा.

आता ताऱ्यावरची कसोटी. डोक्यावर बऱ्यापैकी उंच असलेला, दुसऱ्या प्रतीचा तारा क्षेत्राच्या मध्यावर घ्यावा, ५ मिमीच्या स्थानावर फोकस करावा आणि मग फोकस किंचित आत आणि किंचित बाहेर नेऊन ताऱ्याच्या जागी उमटणारी प्रकाशाची कडी पाहावीत. ही कडी मुख्यतः आरशाची आणि हवेची कहाणी सांगतात. त्यातला आयपीसचा भाग वेगळा काढण्याची रीत सोपी आहे, पण ती फार थोडे लोक वापरतात: फोकसरचा स्क्रू सैल करून आयपीस जागच्या जागी पाव फेरा फिरवावा. कड्यांचा लांबटपणा किंवा एका बाजूला असलेली झुकण आयपीसबरोबर फिरली, तर दोष आयपीसचा. ती जागच्या जागी राहिली, तर आधी आपले डोके तिरके करून पाहावे. डोक्याबरोबर दोष फिरला तर तो डोळ्याचा, आणि तरीही स्थिर राहिला तर दुर्बिणीचा. एवढ्या लहान एक्झिट प्यूपिलवर डोळ्यातले दृष्टिवैषम्य सहसा लोप पावते. उलट ०.५ मिमीच्या शलाकेत डोळ्यातल्या द्रवातले तरंगते तंतू आणि ठिपके गुरूच्या बिंबावरून सरकताना स्पष्ट दिसतात. ते पापणी मिटली की हलतात. आयपीसमधील धूळ मात्र आयपीस फिरवल्यावरच फिरते. या दोहोंत गल्लत होऊन चांगला आयपीस परत गेल्याचे मी पाहिले आहे.

क्षेत्राच्या कडेला तारा नेल्यावर त्याला पंख फुटलेले दिसतील, तर त्याचा सर्व दोष झूमला देऊ नये. एफ/६ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या सहा पट असलेल्या) पॅराबोलिक आरशात केंद्रापासून सुमारे अडीच मिलिमीटरच्या पलीकडे कोमा, म्हणजे ताऱ्याला शेपूट फुटण्याचा आरशाचा दोष, विवर्तनाच्या मर्यादेबाहेर जातो, म्हणजे डोळ्याला जाणवू लागतो, आणि ८ मिमीच्या स्थानावर आपल्या क्षेत्राची कड जवळजवळ चार मिलिमीटरवर आहे. ३ मिमीला ती दीड मिलिमीटरच्या आत येते, म्हणून तिथे कडेला जे बिघडते ते बहुतांशी आयपीसचे समजावे. कडेच्या रेखीवपणाला हाताने चालवण्याच्या डॉब्सोनियनमध्ये विशेष महत्त्व आहे, कारण ४०० पटींवर ग्रह ५६ अंशांचे संपूर्ण क्षेत्र साधारण चौतीस सेकंदांत ओलांडतो. फक्त मधला तृतीयांश चांगला असेल तर हाती अकरा-बारा सेकंद उरतात, आणि त्यातले निम्मे दुर्बिणीची थरथर शमण्यात जातात. मोटर असलेल्या आरोहणावर हाच आयपीस निर्दोष वाटेल.

फोकस टिकतो का, हे पाहताना नेहमी ३ मिमीवर फोकस करून ८ कडे यावे, उलट दिशेने जाऊ नये. ८ मिमीला फोकसमधील लहानशी चूक डोळा स्वतः सावरून घेतो. एक डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) एवढा ताण तिथे सुमारे ०.०६ मिमीची चूक झाकतो, तर ३ मिमीला तोच ताण जेमतेम ०.०१ मिमी झाकतो. म्हणून ८ वर नीट वाटलेला फोकस ३ वर ढळलेला दिसला, तरी तो नेहमीच आयपीसचा दोष नसतो. ३ वरून ८ वर आल्यावरही फोकसर फिरवावा लागत असेल, तर मात्र झूमचा निम्मा लाभ गेला असे मी धरतो.

यानंतर मुख्य कसोटी, म्हणजे ६ मिमीच्या ऑर्थोस्कोपिकशी सामना. झूमवर छापलेला ‘६’ खरोखर ६ असेलच असे नाही. मधल्या खटक्यांवर थोडा फरक असू शकतो, आणि थोडे अधिक वर्धन नेहमी थोडे फिके दिसते. म्हणून खटक्यावर विसंबू नये. मोबाइल अ‍ॅडॉप्टर असेल तर कॅमेऱ्याची वर्धनपातळी न बदलता दोन्हींतून गुरूच्या दोन उपग्रहांमधले अंतर टिपावे आणि चित्रावर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी येतील तिथे झूमची खरी ६ मिमीची जागा. अ‍ॅडॉप्टर नसेल तर बिंबाचा आकार डोळ्याने जुळवला तरी काम भागते. मग सोबत्याला अंधारात आयपीस बदलायला सांगावे आणि कोणता लावला हे आपल्याला कळू देऊ नये. प्रत्येक वेळी किमान पाच मिनिटे पाहून काय दिसले ते कागदावर रेखाटावे. गच्चीवर एकट्याने पाहत असल्यास निदान रेखाटन तरी चुकवू नये, कारण पेन्सिल हातात असली की डोळा प्रत्यक्ष पाहिलेलेच नोंदवतो.

रेखाटताना ‘रेखीव’ हा शब्द बाजूला ठेवून ठरावीक तपशील शोधावेत. गुरूवर दोन मुख्य पट्टे कोणत्याही आयपीसमधून दिसतात, त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. उत्तर विषुववृत्तीय पट्ट्याच्या दक्षिण कडेवरून निघून विषुववृत्तीय फिक्या प्रदेशात उतरणारे निळसर फेस्टून (झुलत्या तोरणासारखे पट्टे), उत्तर समशीतोष्ण पट्टा सलग दिसतो की तुटक, तांबड्या ठिपक्याभोवतीची उजळ पोकळी, आणि ठिपक्याच्या मागोमाग असणारी पट्ट्यातली खळबळ: ही खरी प्रश्नपत्रिका. एखाद्या उपग्रहाची सावली बिंबावर असेल तर ती ठार काळी आणि गोल दिसते की करडी, हे पाहावे. भरकटलेल्या प्रकाशाचे याहून सोपे माप नाही. गुरूच्या उपग्रहांपैकी गॅनिमीडचे बिंब प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या समोर असताना, पावणेदोन विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास आणि आयोचे सव्वा विकलेच्या आतबाहेर असते. आपल्या दुर्बिणीची डॉसची मर्यादा, म्हणजे दोन जवळचे तारे वेगळे दिसण्याचे किमान अंतर, सुमारे ०.६ विकला असल्यामुळे चांगल्या हवेत, ३०० पटींवर, या दोघांच्या आकारातला फरक दिसायला हवा. शनीच्या बाबतीत थोडे जपून. मार्च २०२५ मध्ये कड्यांचे प्रतल पृथ्वीवरून थेट कडेने दिसले आणि त्यानंतर कडी हळूहळूच उघडत आहेत. कडी अरुंद दिसत असताना कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली काळी पोकळी, फक्त कड्यांच्या दोन टोकांशी शोधावी. ती सर्वत्र दिसत नाही म्हणून झूमला नापास करणे अन्यायाचे होईल. चंद्रावर प्लेटो विवराच्या तळावरची लहान विवरे ही उत्तम कसोटी आहे. त्यांतली मोठी विवरे सुमारे दोन किलोमीटर व्यासाची आहेत, आणि दोन आयपीसमधून किती मोजता येतात हा आकडाच बोलका असतो.

रंगाच्या झालरीबाबत एक फसगत टाळावी. ग्रह क्षितिजापासून ४५ अंशांच्या खाली असताना वातावरणच त्याच्या एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबडी किनार देते. ही किनार नेहमी क्षितिजाच्या लंब दिशेत असते आणि ग्रह क्षेत्रात कुठेही नेला तरी बदलत नाही. आयपीसची किनार क्षेत्राच्या मध्यावर नाहीशी होते, कडेकडे जाताना वाढते, आणि ग्रह डाव्या कडेवरून उजव्या कडेला नेला की रंगांची बाजूही पालटते. महाराष्ट्रातील निरीक्षकाला येथे निसर्गाची साथ आहे: जानेवारी २०२६ मधील प्रतियुतीच्या वेळी गुरू मिथुन राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २२ अंश उत्तरेला होता, आणि नाशिकचे अक्षांश २० असल्यामुळे तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर आला. मात्र नेमक्या माथ्यावर डॉब्सोनियन हाताळणे अवघड जाते, म्हणून परीक्षा साठ ते पंचाहत्तर अंशांच्या उंचीवर उरकावी.

भुतासारख्या दुय्यम प्रतिमा शोधण्यासाठी गुरू मध्यापासून थोडा बाजूला न्यावा. फिकी, धूसर दुसरी प्रतिमा विरुद्ध बाजूने सरकताना दिसली तर ती भिंगांतल्या परावर्तनाची आहे; ती ग्रहावरच बसत नसेल तर मी तिला क्षम्य मानतो. नंतर गुरू क्षेत्राच्या किंचित बाहेर काढावा. आता क्षेत्रात प्रकाशाचा पट्टा किंवा चंद्रकोरीसारखी चमक आली, तर दिवसा पाहिलेल्या चकाकणाऱ्या कड्याशी तिचा संबंध जोडता येईल. उजळ चंद्राच्या कडेलगतचे आकाश काळे राहते का, ही त्याच दोषाची आणखी कडक परीक्षा आहे.

जाहिरातीत सांगितलेले क्षेत्र खरे आहे का, हे पाहायचे असेल तर मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा मिंटाका घ्यावा. तो खगोलीय विषुववृत्तापासून अर्ध्या अंशाच्याही आत आहे. दुर्बीण स्थिर ठेवून तो क्षेत्राच्या बरोबर मध्यातून आरपार जायला लागलेले सेकंद मोजावेत आणि चारने भागावे. उत्तर कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मिळते. ५६ अंशांच्या आयपीसला ८ मिमीवर सुमारे ८९ आणि ३ मिमीवर सुमारे ३४ सेकंद यायला हवेत. थोडाफार फरक आला तरी ग्रहनिरीक्षणाला त्याने बाधा येत नाही, म्हणून हे मोजमाप सर्वांत शेवटी केले तरी चालेल.

आता निवाड्याविषयी. ६ मिमीच्या जागी झूमने ऑर्थोस्कोपिकइतकाच तपशील दाखवला, किंवा एखादाच फिका तपशील कमी दाखवला, तर तो ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑर्थोस्कोपिक गुरूच्या फिक्या पट्ट्यांत बहुधा किंचित सरस ठरेल आणि ती सरशी मान्य करावी. पण ६ मिमीवरून ५ वर आणि ५ वरून ४.५ वर जाताना ऑर्थोस्कोपिकच्या मालकाला दर वेळी अंधारात आयपीस बदलावा लागतो, ग्रह पुन्हा शोधावा लागतो, फोकस पुन्हा साधावा लागतो, आणि तोवर स्थिर हवेचे ते अर्धे मिनिट निघून जाते. झूमने ते अर्धे मिनिट वाया जात नाही. ३ मिमीच्या टोकावर झूम थोडा मऊ वाटला म्हणून निराश होऊ नये. ४०० पटी पेलणाऱ्या रात्री आपल्याकडे वर्षात थोड्याच येतात, आणि मोसमी पावसानंतरची आणि उन्हाळ्यातली काहीशी धुरकट पण शांत हवा त्यासाठी उत्तरेच्या वाऱ्यांच्या स्वच्छ हिवाळ्यापेक्षा पुष्कळदा अधिक उपकारक असते. ४ मिमीवरच तो ढासळत असेल, तर मात्र परत करावा. त्याचप्रमाणे अक्ष ढळलेला असणे, आयपीसबरोबर फिरणारा ताऱ्याचा लांबटपणा, आणि गुरूच्या बिंबावर पडणारी दुय्यम प्रतिमा हे तीन दोष सवयीने जात नाहीत. त्यांच्याशी तडजोड करू नये. आपण चष्मा लावून पाहत असाल, तर डोळ्याला मिळणारे साधारण १० मिमी अंतर अपुरे पडेल, हेही मुदतीच्या आत पाहून घ्यावे.

ठेवल्यास, प्रत्येक निरीक्षणानंतर तपशील कोणत्या स्थानावर सर्वाधिक दिसला हे तारखेसह वहीत लिहावे. एका हंगामात त्या नोंदी एखाद्या आकड्याभोवती गोळा होतात. पुढे कधी उत्तम प्रतीचा स्थिर आयपीस घ्यावासा वाटला, तर तो कोणत्या नाभीय अंतराचा हवा याचे उत्तर आपल्याच हवेतून आणि आपल्याच डोळ्यांतून मिळालेले असेल.

शेवटचा मुद्दा पावसाळ्याचा. कडे फिरताना आतल्या गटांची जागा बदलते, तेवढी हवा आत-बाहेर होते, आणि तिच्याबरोबर ओलावा व धूळही आत जाते. त्यामुळे झूमला बुरशीचा धोका स्थिर आयपीसपेक्षा अधिक, आणि कोकणात तो कितीतरी अधिक. जून ते सप्टेंबर तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून घ्याव्यात. कातडी किंवा फोमच्या पिशवीत तो मुळीच ठेवू नये, कारण ती ओल धरून ठेवते. दव पडलेल्या रात्रीनंतर आयपीस तसाच बंद करू नये. दोन्ही टोपणे काढून, कडे ८ मिमीवर आणून, कोरड्या खोलीत तासभर राहू द्यावा आणि मगच डब्यात ठेवावा.